गुड फ्रायडेचे लाकूड

सांडोर, वसई
२० एप्रिल २००६

प्रिय गॅब्रिएल,

येशू तुला सुखरूप ठेवो.

गुड फ्रायडेच्या सकाळी मी चर्चच्या मागच्या खोलीतून लाकूड बाहेर काढले. पायरीवर बसून त्याची वर्षभराची धूळ पुसली, बिजागरीला खोबरेल लावले आणि मांडीवर टॉवेल पसरून त्याखाली एकदा हळूच वाजवून पाहिले. बाहरीनच्या चर्चमध्ये तुम्ही काय करता मला ठाऊक नाही. आपल्याकडे अजून तसेच आहे. आदल्या गुरुवारी मिस्सेत घंटा वाजते ती शेवटची. मग ईस्टरच्या रात्रीपर्यंत घंटा मुकी आणि माझा बँडही मुका. गाव चौदा स्थानांवरून क्रूस नेते त्या क्रूसाच्या वाटेला पुढे चालतो तो फक्त या दोन फळ्यांचा आवाज, खट्, खट्. वर्षभर कॉर्नेट फुंकणारा मी त्या एका दिवशी लाकूड वाजवतो. त्या सकाळी ते काम मी अगदी शांत मनाने केले, हे तुला मुद्दाम सांगतो. त्यानंतर माझे मन शांत नाही.

त्याच सकाळी क्रूसाच्या वाटेत माझ्या जेसिकाने सहावे स्थान वाचले. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते ते. तिचा आवाज कापला नाही. पण वाचून झाल्यावर तिने शाळेच्या दिशेने एकदा वळून पाहिले.

का, ते सांगतो. तिचा धर्मपिता म्हणून तू तिला जे खोके पाठवले होतेस, मोटारी, चाके आणि तो मुठीएवढा मेंदू असलेले, त्याचे शाळेत यंत्र झाले हे तू पाहिले आहेस. फेब्रुवारीत सुट्टीवर आलास तेव्हा आमच्या ओट्यावर तूच त्याच्यापुढे चेंडू टाकत होतास. ते यंत्र खेकड्यासारखे तिरके चालते आणि नांगीने उचलते म्हणून मुलांनी त्याला चिंबोरी म्हणायला सुरुवात केली होती, तू ते नाव पक्के केलेस. लाल चेंडू उचलायचा, निळा सोडायचा, जमिनीवरच्या काळ्या रेघेवरून टोपलीपर्यंत न्यायचा, आणि एकदा सोडली की कोणी हात लावायचा नाही. चाके आणि वायरी कौस्तुभ आणि परेश यांनी सांभाळल्या. तिच्या डोक्यात काय घालायचे ते सगळे जेसिकाने लिहिले. पुण्यात हे तिघे पहिले आले. आता मे महिन्याच्या अखेरीस बँकॉकला शाळकरी मुलांची जागतिक स्पर्धा आहे. तिथे जाणाऱ्या संघांत एक आपल्या वसईचा.

तुझा भाऊ फ्रान्सिस संघाचा मार्गदर्शक. त्याचा मुलगा एरॉल राखीव. बँकॉकला चौघांतून तिघेच जाणार म्हणून मुंबईचे दिनानाथ सर शेवटची चाचणी घ्यायला येणार होते, आणि फ्रान्सिसने ती ठेवली गुड फ्रायडेच्या सकाळी. शाळेला सुट्टी, हॉल मोकळा, सरांनाही तोच दिवस सोयीचा, असे त्याचे म्हणणे. मी बुधवारी त्याच्या घरी गेलो. भांडायला नाही, विचारायला. तो उठून उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आधी देवाचं, वॉल्टर. यंत्र काय पळून जातंय? जेसिकाची चाचणी मी ईस्टरनंतर सोमवारी घेतो. सरांशी बोललोय."

मला इतके बरे वाटले की घरी येताना वाटेत मी त्याच्या नावाने रोझरी म्हटली.

क्रूसाच्या वाटेला तो स्वतः आला नाही. तुमचे वडील गेल्यापासून नवव्या स्थानापासून पुढे क्रूस तोच उचलतो. विहिरीपाशी पोहोचल्यावर फादरांनी वळून पाहिले, लोकांनी पाहिले. ताप आला आहे असा निरोप होता. मग क्रूस दुसऱ्या कोणी घेतला आणि मी लाकूड वाजवत पुढे चाललो.

सोमवारी जेसिका केस घट्ट बांधून शाळेत गेली. शाळेला कुलूप होते. मंगळवारी फ्रान्सिस तिला म्हणाला की सरांनी यादी शुक्रवारीच पुढे पाठवली, हजर होते त्यांच्यातून. तो तरी काय करणार. पुढच्या वर्षी आहेच की. यादीत कौस्तुभ, परेश आणि एरॉल. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल. दहावीच्या मुलांना शाळा कुठे पाठवत नाही, हे तिला माहीत आहे आणि त्यालाही.

जेसिका रडली नाही. टेबलावरचे चिंबोरीचे कागद तिने नीट घडी करून ठेवले आणि भेंडीला पाणी लावायला गेली. रडली असती तर मी एवढा पेटलो नसतो.

फोनवर माझ्या तोंडून भलते जाईल म्हणून लिहितो. तू तिचा धर्मपिता आहेस आणि त्याचा थोरला भाऊही. मला एकच सांग. हे घडले, की घडवले?

तुझा,
वॉल्टर



मनामा
२ मे २००६

प्रिय वॉल्टर,

पत्र मिळालं. बँडमास्तर, तुझं अक्षर अजून सुरात आहे, मजकूर मात्र फार चढ्या पट्टीतला आहे.

जेसिकासाठी वाईट वाटलं, हे आधी लिहितो. पण घडवलं वगैरे मनात आणू नकोस. फ्रान्सिसला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. लहानपणी तुम्ही दोघं मामाच्या बागेतली केळी चोरून खायचात आणि विचारलं की तो घाबरून भलतंच नाव सांगायचा. बहुतेक वेळा माझं. मार मी खाल्लाय. म्हणजे घाबरट आहे, लबाड नाही. मुंबईचे सर समोर उभे, त्यांना "थांबा" म्हणायची हिंमत झाली नसेल. तापाचं म्हणशील तर ताप अंगात येतो तसा डोक्यातही येतो.

इकडे उन्हाळा सुरू झालाय. आमच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याला हात लावला तर भाकरी भाजेल. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा मिस्सेला सगळे वसईकर भेटतात आणि तासभर गावाच्या गप्पा होतात. परवा कोणीतरी म्हणालं, गावचं पोरगं बँकॉकला चाललंय. मी मान हलवली.

जेसिकाला सांग, डिसेंबरात मी याहून मोठा खोका आणतो. त्यातून चिंबोरी कसली, अख्खी होडी बनवेल ती. तिच्यासारख्या पोरीला वाटा कमी नाहीत. एरॉलला या वेळी जाऊ दे. विनी गेल्यापासून ते आईवेगळं पोरगं घराबाहेर पडत नाही. मी फेब्रुवारीत त्याच्यासाठी निळा कोट आणला होता, फ्रान्सिसने मापं पाठवली होती. मी म्हटलं मेपर्यंत पोरगं वाढेल, एक माप मोठाच घेतो. तो तरी कामी येईल आता.

रविवारी पोरांना क्षमेचा धडा तूच शिकवतोस ना? मग एकदा स्वतः परीक्षेला बस.

सालोमीला नमस्कार, जेसिकाला आशीर्वाद.

तुझा,
गॅब्रिएल



सांडोर, वसई
१४ मे २००६

प्रिय गॅब्रिएल,

तुझे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा बरे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना कोटापाशी थांबलो.

चाचणी एप्रिलमध्ये झाली. कोट फेब्रुवारीत आला, मेचे माप धरून. राखीव मुलाला विमानात बसायचा कोट निवडीच्या आधी लागत नाही.

आणि त्याच फेब्रुवारीत तू आमच्या ओट्यावर जेवलास. सालोमीने तुझ्यासाठी बोंबील तळले होते. तू जेसिकाला विचारलेस, "बँकॉकहून मला काय आणशील?" ती म्हणाली, "पदक." तू हसलास. तेव्हा कोट तुझ्या बॅगेत होता का, की देऊन आला होतास? मला हे कळायला हवे असे नाही. पण विचार डोक्यातून जात नाही.

म्हणजे घडवले. आणि कसे घडवले ते बघ. दुसरा कुठलाही दिवस ठेवला असता तर जेसिका आली असती आणि निवडली गेली असती. मुलगी त्या दिवशी येणार नाही याची खात्री असलेला वर्षात एकच दिवस आहे, आणि तो कोणता हे फ्रान्सिसला शाळेच्या कॅलेंडरमधून शोधावे लागले नाही. तो माझ्याबरोबर लहानाचा मोठा झाला. दिनानाथ सरांना काय ठाऊक असणार, त्यांनी समोर होते त्यांना निवडले. माझी भक्ती त्याने कुंपणासारखी वापरली आणि माझ्याच मुलीला त्याबाहेर ठेवले. वर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आधी देवाचं.

चिंबोरी शाळेच्या कपाटात आहे. खोके तू दिलेले, मेहनत जेसिकाची. ती उचलून आणायला मला कोणी अडवले नसते. एके दिवशी सायकल काढून शाळेच्या फाटकापर्यंत गेलोही. जेसिका मागून धावत आली. म्हणाली, "पप्पा, ती घरी येऊन काय करेल? तिला धावायला बनवलंय." मी परत फिरलो. तिच्या सांगण्यावरून फिरलो, पण खरे तर मलाही ते नको होते. यंत्र आणले असते तर गाव म्हणाले असते की वॉल्टरने मुलांचे पाय ओढले. मुलांशी माझे काही नाही.

मी रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतो. 'आमच्या बापा' म्हणताना क्षमेची ओळ आली की गप्प राहतो. सालोमी आणि जेसिका पुढे म्हणतात, मी त्यांना पुन्हा गाठतो. न करता केले म्हणायचे तर माणसांशी म्हणावे, देवाशी कशाला?

काल फ्रान्सिस आला. मुले ४ जूनला परततात. रविवार, पेंटेकॉस्टचा सण. पदक मिळो न मिळो, नाक्यापासून चर्चपर्यंत मिरवणूक काढायची असे गावाने ठरवले आहे. तो अंगणात उभा राहून केळफुलाकडे बघत बोलला. "तुझा बँड हवा, वॉल्टर. बाहेरून आणला तर गाव काय म्हणेल?" सालोमीने त्याला पाणीही विचारले नाही, जे तिने आजवर फेरीवाल्यालाही विचारले आहे.

मी म्हटले, येतो. सगळे लाल कोट घालून येतो, आणि बिदागी घेणार नाही.

"मोठ्या मनाचा आहेस," तो म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले.

मी मोठ्या मनाचा नाही. हे तुला कळवून ठेवतो. त्याला कळवायचे की नाही ते तू ठरव.

वॉल्टर



मनामा
२५ मे २००६

वॉल्टर,

तुझं पत्र चारदा वाचलं. खरं लिहितो.

मला जानेवारीतच कळलं होतं. फ्रान्सिसचा फोन आला. माझा भाऊ फोनवर रडला, वॉल्टर. म्हणाला, विनी गेल्यापासून पोरगं बोलत नाही, ताटावर बसतं आणि उठतं. शाळेत त्या मशीनपाशी बसलं की तेवढं बोलतं. एकदा बाहेर जाऊन येऊ दे, चार लोकांनी टाळ्या वाजवलेल्या ऐकू दे, माणसात येईल. जेसिका हुशार आहे, तिला पुढे शंभर ठिकाणं मिळतील. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कोट घेतला.

आम्ही दोघं भाऊ असं धरून चाललो की हुशार पोरीचं काही कमी होत नाही. तुझ्या ओट्यावर बसून तिला ते विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं. कोट देऊन आलो होतो.

पण गुड फ्रायडेचं मला माहीत नव्हतं. आईची शपथ. मला वाटलं होतं सरांना सांगून, समजावून काहीतरी करेल. त्याने देवाला मध्ये घातलं हे तुझ्याच पत्रातून कळलं. मी त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "दुसरं काही सुचलं नाही. जेसिका समोर असती तर एरॉलला कोणी घेतलं असतं?" मी फोन ठेवला.

तुला राग धरायचा हक्क आहे. माझ्यावरही धर. पण मिरवणुकीत तू काय करणार आहेस ते मला समजलंय, आणि त्यासाठी हे पत्र. तू मयताची धून वाजवणार. विनीच्या मयताला घरापासून कबरस्तानापर्यंत जी वाजवलीस ती. सगळं गाव ओळखेल आणि फ्रान्सिस जिथल्या तिथे खाली बसेल. पण एरॉल मिरवणुकीच्या जीपमध्ये असेल. त्याच्या आईची धून त्याच्या अंगावर टाकू नकोस. फ्रान्सिसला चारचौघांत शिव्या घाल, कानाखाली मार, मी काही बोलणार नाही. एवढं नको.

माझ्यासाठी म्हणत नाही. माझा हक्क मी गमावलाय. विनीसाठी म्हणतो.

गॅब्रिएल



सांडोर, वसई
६ जून २००६

प्रिय गॅब्रिएल,

तुझे पत्र शनिवारी मिळाले, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी.

विनीची धून माझ्या मनात कधीच नव्हती. तिच्या मयताला ती वाजवताना माझे ओठ फुटले होते, हे तुला कोणी सांगितले नसेल. तू मला एवढे कमी ओळखतोस याचे वाईट वाटले. आणि थोडे बरेही वाटले, कारण तुला कळले नाही म्हणजे फ्रान्सिसलाही कळलेले नसणार.

तुला आधी नंतरचे सांगतो.

रविवारी संध्याकाळी एरॉल आमच्या फाटकाशी आला. निळा कोट हातावर, दुसऱ्या हातात चिंबोरी. मी आतल्या खोलीत होतो. त्याने पदक पुढे केले असावे, कारण जेसिका म्हणाली, "ते राहू दे तुझ्याकडे. डाव्या चाकाचं रबर निघालंय, दिसलं नाही का?" तो म्हणाला, "मला वाटलं ती अशीच चालते." मग बराच वेळ ओट्यावरून चाकाचा आवाज येत होता. मधेच एकदा तो हसला. विनीसारखा हसतो. सालोमीने दोघांना केळी नेऊन दिली. मी बाहेर आलो नाही.

सोमवारी मी पापनिवेदनाला गेलो. फादरांना म्हटले, चर्चची वस्तू न विचारता काढली याचा मला पश्चात्ताप आहे. ती वाजवली याचा नाही. फादरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "अर्धाच आणलायस, वॉल्टर. उरलेला मिळाला की ये." मी उठून आलो. अजून मिळालेला नाही. फ्रान्सिस परवापासून घराबाहेर पडलेला नाही असे म्हणतात. या वेळी ताप आहे असे कोणी सांगितले नाही.

आता आधीचे. मी हे केलेच नसते, असे दोनदा झाले.

बँकॉकमध्ये स्पर्धा सुरू झाली त्या दुपारी आमच्याकडे फोन वाजला. सालोमीने उचलला आणि जेसिकापुढे धरला. एरॉल होता. चिंबोरी रेघ सोडत होती. आपल्या हॉलमध्ये पळायची ती तिथे दोन विती चालून भरकटत होती. मी म्हटले, ठेव तो फोन. जेसिकाने माझ्याकडे पाठ केली. "तिला आपल्या हॉलची सवय झालीय," ती त्याला सांगत होती. "तिथली जमीन तिला नव्याने दाखव. आधी पांढरं, मग काळं. आणि पोटाखाली काळ्या कागदाची झालर लाव, वरचा उजेड आत जातोय." त्याच्याकडून सगळे पुन्हा म्हणवून घेतले. फोन ठेवून मला म्हणाली, "पप्पा, चिंबोरी हरली असती तर मी हरले असते. तुमचा राग तुम्ही सांभाळा, मला तिचं बघू दे."

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. वाटले, सोडून द्यावे. नेहमीच्या धुना वाजवाव्यात आणि घरी यावे. शुक्रवारी बातमी आली, तिसरा नंबर, कांस्यपदक. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. फ्रान्सिससाठीसुद्धा लावली, खोटे सांगत नाही.

शनिवारच्या पेपरात फोटो आला आणि खाली फ्रान्सिसचे बोलणे. ऐन वेळी यंत्र अडले तेव्हा आमच्या तीन मुलांनी जागेवर युक्ती लढवून ते चालवले. फोन कोणाला केला होता हे त्याला माहीत होते, तो एरॉलच्या शेजारीच उभा होता, जेसिकाने फोनमध्ये मागून त्याचा आवाज ऐकला होता. एका मुलीचे नाव घ्यायला त्याला एक ओळ लागली असती. तुझे पत्रही त्याच दुपारी आले. ते वाचून त्याच्या दुःखाविषयी माझ्या मनात काही शंका राहिली नाही. विनीसाठी तो रडला ते खरे. पण ते दुःख त्याने माझ्या मुलीच्या अंगावर टाकले, आणि दुसऱ्यांदा टाकताना तर रडलाही नाही.

शनिवारी संध्याकाळी बँडवाल्यांना बोलावून सगळे सांगितले. आजवर तुझ्याशिवाय कोणाला सांगितले नव्हते. मोठा ड्रम वाजवणारा म्हातारा म्हणाला, "वाजवायचंच नाही तर कोटाला इस्त्री कशाला करायची?" मी म्हटले, न वाजवण्यासाठीच. ते समजले आणि घरी गेले. त्यांना सांगितले म्हणजे त्यांच्या बायकांना सांगितले, हे मला ठाऊक होते. सालोमी माझ्या कोटाला इस्त्री करत म्हणाली, "दीड महिना हा राग पिठासारखा मळताय. थापा एकदाची भाकरी." मी चर्चच्या मागच्या खोलीत गेलो आणि लाकूड पिशवीत घालून आणले.

रविवारी चारच्या सुमारास नाक्यावर गाव जमले. उघडी जीप, तिच्यात कौस्तुभ, परेश आणि एरॉल, गळ्यात हार. मध्ये स्टुलावर चिंबोरी, तिलाही झेंडूचा हार. पुढे फ्रान्सिस पांढऱ्या शर्टात. पोरांनी फटाक्यांची माळ लावली. ती संपल्यावर फ्रान्सिसने माझ्याकडे हात केला. आम्ही दोन रांगांत उभे होतो, लाल कोट, सगळी वाद्ये काखेत. मी पिशवीतून लाकूड काढले, दोन्ही हातांनी धरले आणि चालायला लागलो. खट्. चार पावले. खट्.

पहिल्यांदा कोणीतरी हसले. कौस्तुभची आई बोळिंजहून आली होती, तिला वाटले आमच्यात अशीच पद्धत असेल. मग दुसऱ्या पोराने पेटवलेली फुलबाजी त्याच्या आजीने हातातून काढून घेतली. वाटेवरच्या क्रूसापाशी उर्सुलामावशी बसली होती. लाकूड ऐकून तिने सवयीने पदर डोक्यावर घेतला, क्रूसाची खूण केली, आणि मग जीपकडे पाहून थांबली. तिच्या चेहऱ्यावर हिशेब जुळताना मला दिसला. कोणता दिवस, कोण नव्हते, कोण वाचत होती. ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "तरीच. आत्ता कळला ताप कसला होता ते."

ते एक वाक्य आमच्यापुढे चालत गेले. घराघरातून लोक बाहेर येत होते, टाळीसाठी उचललेले हात खाली जात होते. बागांमधून केळीची पाने वाजत होती तेवढीच. आमच्या फाटकात जेसिका उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, ती चिंबोरीच्या चाकांकडे पाहत होती. एरॉलने मान खाली घातली नाही. तो लाकडाकडे बघत राहिला. गुड फ्रायडेला त्याने ते ऐकले नव्हते.

विहिरीपाशी, जिथे आपण नववे स्थान मांडतो, तिथे फ्रान्सिस थांबला आणि मागे माझ्याकडे आला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. अगदी हळू बोलला, लहानपणी बोलायचा तसा.

"वॉल्टर, वाजव ना काहीतरी. लोक बघतायत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण दोन्ही हात लाकडाला होते.

"आधी देवाचं, फ्रान्सिस," मी म्हटले, आणि चर्चच्या दारापर्यंत लाकूड वाजवत गेलो.

वॉल्टर